मुक्तिसदन, केडगाव : दुष्काळातल्या मुलींचे घर

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारे साठ किलोमीटरवर केडगाव लागते. तिथल्या शंभरेक एकर जमिनीवर पंडिता रमाबाईंनी १८९८ मध्ये उभारलेले मुक्तिसदन महाराष्ट्रातील ख्रिस्ती बालसेवेच्या इतिहासात सर्वांहून वेगळे आहे. ते कोणत्या परदेशी मिशनने काढले नाही, कोणत्या एका ख्रिस्ती पंथाच्या मालकीचे झाले नाही आणि मुळात ते मुलांसाठी योजलेलेही नव्हते. जमीन घेतली ती फळबागेसाठी. रमाबाईंच्या हातात काम होते ते उच्चवर्णीय विधवांच्या शाळेचे. आणि येऊन पोहोचल्या त्या मध्य प्रांतातल्या व गुजरातेतल्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली. संस्थेचे जवळजवळ प्रत्येक नवे खाते आधी माणसे आली आणि मग निघाले. हा क्रम लक्षात ठेवला की केडगावच्या इतिहासातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

पोरक्या मुलांना ख्रिस्ती संस्थांनी आसरा देण्याची प्रथा या प्रदेशात त्याआधी साडेतीनशे वर्षांपासून होती, आणि तिचा आरंभ उत्तर कोकणातला आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेल्यावर फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय धर्मगुरू वसई, ठाणे व साष्टी भागात आले. आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कनाने मंडपेश्वर येथे मुलांसाठी विद्यालय काढले. ठाण्यात येशूसंघीयांनी अनाथ मुले आणि गुलामांच्या बाजारातून सोडवलेली मुले एकत्र ठेवून त्यांना विणकाम, शिवणकाम, लोहारकाम शिकवले. नंतर जपानमध्ये हुतात्मा झालेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे बालपणीचे शिक्षणही वसईच्या येशूसंघीयांकडेच झाले. मात्र या सगळ्यामागे राजसत्तेचे बळ होते. पोरक्या मुलांचा ताबा धर्मसंस्थेकडे द्यावा असे पोर्तुगीज राज्याचे फर्मान होते आणि मुलाच्या नातेवाइकांना त्यात फारसे बोलता येत नसे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा चर्चना मिळणारे सरकारी उत्पन्न संपले आणि त्यावर चाललेल्या संस्थाही बंद पडल्या. टिकला तो वसईच्या गावांतला ख्रिस्ती समाज. केडगावची संस्था उभी राहिली तेव्हाही राज्य युरोपीयांचेच होते, पण तिच्या मागे त्या राज्याचा पैसा नव्हता की फर्मान नव्हते. दोन्ही प्रयत्नांची तुलना करताना हा फरक सोडून चालत नाही.

एकोणिसाव्या शतकात असे काम बिगरख्रिस्ती सुधारकांनीही हाती घेतले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपुरात १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने निराधार अर्भकांसाठी बालकाश्रम सुरू झाला आणि प्रार्थना समाजाने तो चालवला. या दोन्ही संस्थांमागचा प्रश्न विधवेच्या पोटी आलेल्या, समाजाला नको असलेल्या मुलाचा होता. दुष्काळाचा प्रश्न वेगळा होता. तिथे मूल नको म्हणून टाकलेले नसे, त्याला सांभाळणारेच उरलेले नसत. आणि अशी मुले एकेकटी येत नसत, शेकड्यांनी येत.

रमाबाईंना हा प्रश्न पुस्तकातून समजून घ्यावा लागला नाही. २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे हे कुटुंब १८७४ नंतरच्या दक्षिणेतील दुष्काळात सापडले. कष्टाच्या कामाची सवय नाही आणि भीक मागायची लाज, अशा अवस्थेत वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण कृष्णाबाई. उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला, विवाह झाला, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिन बिहारी मेधावी यांचेही निधन झाले. त्या वेळी रमाबाई चोवीस वर्षांच्याही नव्हत्या. त्या वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतर केले म्हणून त्या कोणाच्या आज्ञेत राहिल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी आणि इतर ज्येष्ठांशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात आज्ञापालनाच्या प्रश्नावरून ओढाताण पानोपानी दिसते. देवाचे मानीन, पण देवाच्या नावाने माणसाने सांगितलेले तपासून घेईन, असा त्यांचा पवित्रा होता. केडगावची संस्था कोणत्याही पंथाच्या छत्राखाली का गेली नाही, याचे मूळ या पत्रांत शोधता येते. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तीन वर्षे तिथे राहिल्या. फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. धर्मादाय संस्था कशा चालतात, हिशेब कसे ठेवतात, वर्गणी कशी जमते हे बारकाईने पाहिले आणि परतल्यावर ते अमेरिकेच्या प्रवासवृत्तात मराठी वाचकांसाठी लिहिले. १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे खर्च देण्याचे कबूल केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले आणि १८९० च्या अखेरीस ते पुण्याला हलवले गेले. इथे धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींना आपापले आचार पाळू द्यायचे, असा करार होता. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळावर होती. पहिल्या विद्यार्थिनींतल्या बालविधवा गोदूबाई जोशी यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला. कर्व्यांच्या पुढच्या कार्याचा एक धागा असा शारदासदनापर्यंत जातो.

शारदासदनाचे हे पर्व १८९३ मध्येच दुभंगले. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली जाऊन बसत. हे करारात बसते की नाही यावर वाद झाला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की आपण कोणाला बोलावले नाही आणि आलेल्यांना हाकललेही नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की ज्या मुलींना दुसरा आधार नाही त्यांच्यावर चालकाच्या श्रद्धेचा प्रभाव पडणारच, मग बोलावण्याची गरजच काय. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. आणि हा वाद पुढे केडगावात कितीतरी मोठ्या प्रमाणावर उभा राहिला.

याच सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेलाही वेगळे वळण लागले. १९०७ च्या आपल्या आत्मकथनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म कळला होता, ख्रिस्त भेटला नव्हता. जॉर्ज म्यूलर आणि हडसन टेलर व जॉन पेटन हे मिशनरी यांच्या चरित्रांनी त्यांना विचारात पाडले. ब्रिस्टल येथे म्यूलरने हजारो अनाथ मुले कोणाकडेही वर्गणी न मागता केवळ प्रार्थनेवर विसंबून सांभाळली होती. असे हिंदुस्थानात का होऊ नये, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात घर करून राहिला. बॉस्टनच्या मदतीची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. म्हणून शाळेला स्वतःचे उत्पन्न असावे या हेतूने त्यांनी केडगावची जमीन घेतली आणि तिथे आंबे, संत्री, लिंबे लावली. जमीन कोरडवाहू आणि पाणी खोल. व्यवहार म्हणून पाहता ही खरेदी फारशी शहाणपणाची नव्हती.

१८९६ च्या पावसाने दगा दिला आणि मध्य प्रांतात दुष्काळ पसरला. १८९७ च्या आरंभी रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना रोज मिळे, ज्यांना काम झेपत नसे त्यांच्यासाठी गरीबखाने होते. कागदावर व्यवस्था नीट होती. रमाबाईंनी तिथे जे पाहिले ते त्यांनी त्याच वर्षी इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केले. आईबाप गमावलेल्या आठ-दहा-बारा वर्षांच्या मुली गरीबखान्यांतून आणि रस्त्यांवरून गोळा करायला दलाल आणि कुंटिणी टपलेल्या होत्या. भुकेल्या मुलीला न्यायला मूठभर चणे पुरत. त्यांच्या लेखी उपासमारीइतकेच हे संकट मोठे होते. तीनशे मुली घेऊन यायच्या, असे त्यांनी ठरवले. हातात पैसे नव्हते. बॉस्टनच्या मंडळाचा पैसा उच्चवर्णीय विधवांसाठी होता, तो या मुलींवर खर्चता येत नव्हता. रमाबाई अडल्या नाहीत. आपण स्वतः कशातून वाचलो हे त्यांना आठवत होते आणि हे त्यांनी लिहूनही ठेवले आहे.

मुलींच्या पहिल्या तुकड्या पुण्यात पोहोचल्या त्या प्लेगच्या ऐन धुमाळीत. शहरात बाहेरून नवी माणसे आणून ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग मुलींना केडगावच्या शेतावर हलवण्यात आले. तिथे होती झाडे, एखादी विहीर आणि घाईने उभारलेली गवती छपरे. मुक्तिसदनाची जागा अशी प्लेगच्या हुकुमाने ठरली. त्याच वर्षी पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांचे काय हाल होतात हे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून मांडले. त्याचा बोभाटा विलायतेपर्यंत गेला आणि सरकार नाराज झाले. ख्रिस्ती झालेली बाई सरकारची मिंधी असणार, असे मानणाऱ्यांना हे पत्र सोयीचे नव्हते.

आलेल्या मुलींची स्थिती पाहता त्यांना शाळेत बसवणे ही फार पुढची गोष्ट होती. दीर्घ उपासमारीनंतर पोटभर अन्न एकदम दिले तर ते जिवावर बेतते. म्हणून पेज, दूध, थोडा भात असे चढत जावे लागते. केस उवांनी भरलेले, अंगावर खरूज आणि गळवे, डोळे आलेले, पोट सुटलेले. आणून पोहोचवलेल्या सगळ्याच मुली वाचल्या नाहीत. कित्येकींना आपले गाव सांगता येत नव्हते, काहींना आईचे नावही नाही. त्यांची बोली हिंदी किंवा गोंडी वळणाची आणि सांभाळणाऱ्या मराठी. सांभाळणाऱ्या म्हणजे शारदासदनात शिकलेल्या तरुण विधवाच होत. सोवळ्याच्या घरांतून आलेल्या या बायकांनी जात ठाऊक नसलेल्या मुलींचे केस विंचरले, गळवे धुतली, त्यांना शेजारी घेऊन झोपवले. ही गोष्ट सदनाच्या इतिहासात बहुधा ओझरती सांगितली जाते. सभासंमेलनांतल्या कित्येक ठरावांपेक्षा तिचे मोल अधिक धरावे लागेल.

सप्टेंबर १८९८ मध्ये पक्क्या इमारतीचे रीतसर उद्घाटन होऊन तिला मुक्तिसदन हे नाव मिळाले. त्याच वर्षी रमाबाई अमेरिकेला जाऊन असोसिएशनची नवी घडी बसवून आल्या. मिनी एब्रम्स ही मेथडिस्ट मिशनरी त्यांच्या गैरहजेरीत केडगाव सांभाळण्यास आली आणि पुढे बरीच वर्षे राहिली. १८९९ मध्ये मोठ्या प्रार्थनामंदिराचा पाया घातला गेला. त्या वेळच्या संख्येकडे पाहता त्याचा आकार अवाढव्य वाटावा असा होता. पण तो पुरा होण्याच्या आतच गुजरात, राजपुताना आणि काठेवाडात छप्पनियो काळ म्हणून आजही आठवला जाणारा १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. या वेळी रमाबाईंनी स्वतःऐवजी माणसे पाठवली, आणि त्यांत १८९७ मध्ये आलेल्या काही मोठ्या मुलीही होत्या. १९०० मध्ये आवारातली वस्ती दीड हजारावर गेली. इमारती पुरेनात, तेव्हा जिथे छप्पर होते तिथे शाळा, जेवण आणि झोप एकाच जागी आळीपाळीने चाले.

एवढ्या मुली पगारी नोकरांच्या बळावर सांभाळणे शक्यच नव्हते. मोठी मुलगी आणि तिच्या हवाली काही लहान मुली असे गट पडले, गटांवर देखरेख करणारी बाई, तिच्यावर सदनाची प्रमुख. सकाळी प्रार्थना, मग अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस काम. रमाबाईंनी फिलाडेल्फियात शिकलेली बालोद्यान पद्धत इथल्या लहानग्यांसाठी वापरली. शाळेत फार पुढे न जाणाऱ्या मुलीने हातात काही कसब घेऊनच बाहेर पडावे, हा नियम होता. विणकाम, शिवण, रंगकाम, घाणा, दूधदुभते, भाकऱ्या आणि पाव, धुलाई, बुरूडकाम, शेती. दीड हजार माणसांचे दळण, कपडे आणि तेल बाहेरून विकत आणणे परवडणारे नव्हते, तेव्हा शिक्षण आणि गरज यांची गाठ आपोआप पडली. पाण्यासाठी एकामागून एक विहिरी खणल्या गेल्या. दुष्काळी मुलखातल्या मुलींसाठी दुसऱ्या कोरड्या मुलखात विहिरी खणायच्या, हा केडगावचा कायमचा व्याप होऊन बसला.

नवी सदने या गर्दीतूनच निघाली. फसवल्या गेलेल्या आणि वेश्याव्यवसायात ओढल्या गेलेल्या स्त्रिया व मुली यांच्यासाठी १८९९ मध्ये कृपासदन. वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी प्रीतिसदन. लहान मुलग्यांसाठी सदानंदसदन. कारण बहिणीला आणायचे आणि धाकट्या भावाला रस्त्यावर सोडायचे, हे जमेना. जवळच दौंड येथे अल्बर्ट नॉर्टन या अमेरिकन मिशनऱ्याचे मुलग्यांचे अनाथालय होते, आणि दोन्ही संस्थांचा निकटचा संबंध होता. दुष्काळात जीवनसत्त्वांच्या अभावाने आणि देवीने डोळे जाणे नेहमीचे होते. त्यामुळे अंध मुलींची संख्या वाढत गेली आणि शुभवर्तमानातल्या आंधळ्या बार्तिमायाच्या नावाने बार्तिमीसदन निघाले. अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमाबाईंनी इथे ब्रेल लिपी शिकवण्याची सोय केली. आंधळी मुलगी ही आयुष्यभराची भिकारीण, असे धरून चालणाऱ्या काळात केडगावच्या अंध मुली वाचत होत्या आणि टोपल्या विणून संस्थेच्या खर्चाला हातभार लावत होत्या. या सदनाचे मूळ श्रेय मनोरमाबाईंचे आहे. आईच्या कीर्तीपुढे ते बहुतेक वेळा झाकले जाते. शारदासदनही पुढे केडगावला आले आणि मनोरमाबाई त्याच्या मुख्याध्यापिका झाल्या. निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथे शांतिसदन ही शाळाही त्यांच्याच देखरेखीखाली निघाली.

खर्च चालायचा कसा, याचे संस्थेने दिलेले उत्तर एका शब्दाचे होते : प्रार्थना. वर्गणीसाठी माणसे फिरवायची नाहीत, कर्ज काढायचे नाही, गरज देवापुढे मांडायची. म्यूलरचाच हा मार्ग. मात्र गरज जगापुढे मांडण्याचे साधनही संस्थेकडे होते. ‘मुक्ति प्रेयर बेल’ हे इंग्रजी पत्र केडगावहून निघे आणि इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या मंडळ्यांत वाचले जाई. मुलींची छायाचित्रे, आल्या तेव्हाची आणि वर्षानंतरची, अशा प्रकाशनांत असत. श्रद्धेवर चालणारी संस्था वृत्तपत्राचे सामर्थ्य ओळखून होती, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. पण केवळ प्रार्थनेने पैसा आला हे वर्णनही अपुरे आहे.

दुष्काळातील मुलांचे धर्मांतर हा त्या काळचा मोठा वाद होता, आणि केडगाव त्यात मध्यभागी होते. सरकारी नियमांनुसार दुष्काळ ओसरल्यावर बेवारस मुले ज्या संस्था घेतील त्यांच्याकडे सोपवली जात, आणि घ्यायला पुढे येणाऱ्या संस्था बव्हंशी मिशनच्या असत. लाला लजपत राय यांनी १८९७ पासून हिंदू अनाथ मुलांच्या मदतीची चळवळ उभारली ती याच कारणाने. आपल्या समाजाने मुले घेतली नाहीत म्हणून ती गेली, हे ते स्वकीयांना सुनावत. पुण्यात कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमाला हिंदू समाजात जो आश्रय मिळाला त्यातही शारदासदनाच्या अनुभवाचा वाटा होता. केडगावात शारदासदनासारखा तटस्थतेचा करार नव्हता. मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, रोजची उपासना सर्वांची, आणि बहुसंख्य मुलींनी यथावकाश बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंच्या दृष्टीने अन्न देणे आणि सुवार्ता सांगणे ही एकाच प्रेमाची दोन कामे होती. यापैकी दुसरे दडवणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटे. आठ वर्षांच्या पोरक्या मुलीची संमती म्हणजे काय, हा प्रश्न त्या काळच्या कोणत्याच धर्माच्या संस्थेने विचारला नाही, आणि तो केडगावलाही लागू आहे. त्याबरोबर हेही नोंदवले पाहिजे की ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबी होणे, हे रमाबाईंनी केडगावात चालू दिले नाही. मुली साडी नेसत, शिकत मराठीतून, भाकरी-आमटी खात. रमाबाई स्वतः पांढरी साडी नेसणाऱ्या आणि जन्मभर शाकाहारी.

१९०५ च्या जूनअखेर मुक्तिसदनात आध्यात्मिक जागृतीची लाट आली. मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापांची कबुली देत. मिनी एब्रम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका परदेशांत पोहोचली आणि जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासकारांना केडगावची दखल घ्यावी लागते. मुलींचे जथे आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागले. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरीच आता सांगणाऱ्या झाल्या होत्या. काही मिशनऱ्यांना हा सारा प्रकार भावनेचा अतिरेक वाटला. रमाबाईंनी मुलींना आवरले नाही. हिंदी माणसाने इंग्रजी शिस्तीतच प्रार्थना का करावी, असा त्यांचा सवाल होता.

छापखाना हे संस्थेचे सर्वांत महत्त्वाकांक्षी खाते. रूढ मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, असे रमाबाईंचे मत होते. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवण्याचे काम त्यांनी सुमारे अठरा वर्षे केले. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छपाई, बांधणी ही कामे सदनातल्या मुली आणि स्त्रिया करीत. हिब्रू-ग्रीक अक्षरांचे खिळेही त्या जुळवू लागल्या होत्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये, रमाबाईंच्या निधनानंतर बाहेर पडले. इतर ख्रिस्ती मंडळ्यांनी ते फारसे उचलले नाही. सोप्या मराठीची गरज मात्र संपली नाही. २०१० मध्ये वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले तेव्हा त्यांच्यापुढेही सामान्य मराठी वाचकच होता. त्या भाषांतराला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. त्यांच्यामागे कामाची धुरा मनोरमाबाईंनी घ्यायची, हे सर्वांनी धरून ठेवले होते. पण २४ जुलै १९२१ रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्या वारल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. एका वर्षाच्या आत संस्था पोरकी झाली. तरी ती मोडली नाही, याचे कारण चाकोरी पक्की बसली होती आणि ती चालवणाऱ्या बायका बहुतांशी तिथेच वाढलेल्या होत्या. छप्पनच्या दुष्काळात आलेल्या मुली आता तिशीच्या घरात होत्या. कोणी शिक्षिका, कोणी परिचारिका, कोणी विभागाची प्रमुख. बऱ्याच जणी लग्न होऊन गेल्या होत्या; सदन हे त्यांचे माहेर होते आणि बाळंतपणाला तिथे येण्याची रीत पडली होती.

पुढच्या दशकांत येणाऱ्या मुलांचे कारण बदलले. १९०० सारखा दुष्काळ या प्रदेशात पुन्हा आला नाही. १९७२ च्या महाराष्ट्रातल्या दुष्काळात लोकांचे हाल झाले, पण रोजगाराच्या सरकारी कामांमुळे मुलांचे कळप रस्त्यावर आले नाहीत. आता मुली येत त्या आई क्षयाने किंवा बाळंतपणात गेलेल्या, बापाने दुसरे लग्न केलेल्या, मुलगी म्हणून टाकून दिलेल्या, अपंग म्हणून नकोशा झालेल्या. मोठ्या दालनांत शेकड्यांनी मुली ठेवण्याऐवजी एका बाईच्या सांभाळाखाली लहानमोठ्या मुलींचे कुटुंब करून राहण्याची पद्धत रुजली. सुरुवातीच्या गटांचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणावी लागेल. आवारात शाळा आणि रुग्णालय चालत राहिले, आणि त्यांचा लाभ आसपासच्या गावांनाही मिळू लागला. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या सहायक मंडळांकडून मदत येत राहिली. २६ ऑक्टोबर १९८९ रोजी भारतीय टपाल खात्याने रमाबाईंच्या चित्राचे तिकीट काढले.

निराधार मुलांसंबंधीचा कायदाही या काळात बदलला. २००० च्या आणि नंतर २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलांना सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची केली. आता मूल संस्थेत येते ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या आदेशाने. त्याचे घर शोधणे, शक्य असेल तर त्याला कुटुंबात परत पाठवणे आणि ते शक्य नसेल तर दत्तकाच्या मार्गाला लावणे, ही क्रमवारी कायद्यानेच घालून दिली आहे. परदेशी देणग्यांसाठी वेगळा परवाना आणि वेगळा हिशेब लागतो. मूल कोणत्या धर्मात वाढावे हा निर्णय संस्थाचालकाचा उरलेला नाही. वसई, ठाणे, पालघरच्या आदिवासी पट्ट्यात वसतिगृहे चालवणाऱ्या ख्रिस्ती संस्थांनाही हेच नियम लागू आहेत. केडगावचे मुक्तिसदन या चौकटीत पंडिता रमाबाई मुक्ति मिशन या नावाने चालू असून निराधार मुली, परित्यक्ता आणि अंध-अपंग स्त्रिया तिथे राहतात.